मागे वाजत राहिलेले वाद्यवृंद

संगीताच्या इतिहासात ज्याला दोन-चार ओळींपलीकडे जागा मिळत नाही आणि तरीही ज्याच्या धुना एका अख्ख्या पिढीच्या कानांत घर करून बसल्या आहेत, असे संगीत म्हणजे साधारणपणे १९४५ ते १९७५ या काळातले पाश्चात्त्य हलकेफुलके वाद्यवृंदसंगीत. मांतोव्हानी, पर्सी फेथ, रे कॉनिफ, बर्ट केम्पफर्ट, पॉल मोरिया, जेम्स लास्ट ही नावे आज सांगितली, तर बहुतेकांचा चेहरा कोरा राहतो. मात्र त्यांची एखादी रेकॉर्ड लावली, की काही क्षणांतच ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर ओळखीची खूण उमटते. कुठे ऐकले, कधी ऐकले, हे मात्र त्याला सांगता येत नाही. रेडिओवरच्या दोन कार्यक्रमांमधल्या मोकळ्या जागेत, विमान सुटण्याआधी, चित्रपट सुरू होण्यापूर्वीच्या अर्धवट उजेडात, म्हणजे दुसऱ्या कशाची तरी वाट पाहत असताना, हे संगीत कानावर पडत असे. ते कोणी लावले, कोणी वाजवले, हे विचारण्याची वेळ कधी आलीच नाही.

मी हे संगीत आजही मन लावून ऐकते. पार्श्वभूमीला ठेवून इतर कामे करण्यासाठी ते आहे, हे मला मान्य आहे. पण हेडफोन लावून, दुसरे काहीही न करता ऐकले, तर त्यात जे सापडते ते थक्क करणारे आहे. ते सहज वाटावे म्हणून घेतलेली मेहनत इतकी बेमालूम लपवलेली आहे, की लपवण्यातल्या त्या यशानेच त्याची उपेक्षा ओढवून घेतली, असे माझे ठाम मत आहे.

उदाहरण म्हणून १९५१ सालची ‘शार्मेन’ घ्यावी. मूळ चाल १९२६ च्या एका मूकपटासाठी केलेली, तशी साधीच, वॉल्ट्झच्या तीन ठोक्यांची. मांतोव्हानी यांच्या वाद्यवृंदासाठी तिचे संयोजन, म्हणजे कोणत्या वाद्याने काय वाजवायचे याची मांडणी, रोनाल्ड बिंज यांनी केले आणि त्यात त्यांनी जी युक्ती वापरली, तिच्यामुळे हा वाद्यवृंद जगभर पोहोचला. नेहमीच्या पद्धतीत सगळी व्हायोलिने मिळून चाल वाजवतात. बिंज यांनी व्हायोलिनवादकांचे गट पाडले आणि चालीतला एकेक स्वर एकेका गटाला वाटून दिला. पहिल्या गटाने पहिला स्वर लावायचा आणि तो धरून ठेवायचा. तो अजून वाजत असतानाच दुसऱ्या गटाने पुढचा स्वर लावायचा, मग तिसऱ्याने. ऐकणाऱ्याच्या कानी चाल तर सलग येते, पण प्रत्येक स्वराची शेपटी पुढच्या स्वराखाली रेंगाळत राहते आणि एखाद्या प्रचंड घुमटाखाली बसून ऐकावे तसा भास होतो. गंमत अशी, की यातल्या कोणत्याही एका वादकाच्या पुढ्यातला कागद घेऊन वाजवला, तर त्यातून ‘शार्मेन’ ओळखू येणार नाही. अधूनमधून येणारे, लांबवलेले, एकमेकांशी संबंध नसलेले स्वर तेवढे ऐकू येतील. चाल कोणा एकाकडे नाहीच, ती सगळ्यांच्या मधल्या जागेत आहे.

या युक्तीची प्रेरणा बिंज यांना मोंतेवेर्दी या सतराव्या शतकातल्या रचनाकाराकडून मिळाली. व्हेनिसच्या सेंट मार्क्स चर्चमध्ये स्वर दीर्घकाळ घुमत राहतो आणि तिथले रचनाकार त्या घुमण्याचा हिशेब धरूनच संगीत लिहीत. मांतोव्हानी यांचा जन्मही व्हेनिसचाच, १९०५ चा. त्यांचे वडील मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात विख्यात वाद्यवृंद-संचालक तोस्कानिनी यांच्या हाताखाली व्हायोलिन वाजवत आणि पुढे हे कुटुंब इंग्लंडमध्ये स्थायिक झाले. घुमण्याचा हा परिणाम कोणत्याही यंत्राने आणलेला नव्हता, तो कागदावर लिहिलेला होता, याचे मला विशेष वाटते. म्हणूनच मांतोव्हानी दौऱ्यावर निघाले, की सभागृह कोरडे असो वा घुमणारे, श्रोत्यांना रेकॉर्डवरचाच नाद समोर ऐकायला मिळे. बिंज मात्र बहुतेकांना अपरिचितच राहिले. नाव वाद्यवृंदाच्या प्रमुखाचे होते आणि संयोजकाचे नाव वेष्टनाच्या मागच्या बाजूला, तेही छापले तर, बारीक अक्षरांत.

या सबंध संगीताचा खरा नायक हा संयोजक, म्हणजे अरेंजर, होता. चाल बहुतेक वेळा दुसऱ्याची आणि लोकांना आधीच ठाऊक असलेली असे. प्रश्न एवढाच, की ती कोणत्या वाद्याला द्यायची, तिच्याखाली काय ठेवायचे आणि कुठे काहीच ठेवायचे नाही. पर्सी फेथ यांचे नाव यात मी सर्वांत वर ठेवीन. टोरोंटोत जन्मलेले हे गृहस्थ पियानोवादक होणार होते. पण अठराव्या वर्षी बहिणीला आगीतून वाचवताना त्यांचे हात भाजले आणि मैफलीचा पियानो सुटला. त्यानंतर ते संयोजनाकडे वळले. मॅक्स स्टाइनर यांनी ‘ए समर प्लेस’ या १९५९ च्या चित्रपटासाठी केलेली एक धून त्यांनी वाद्यवृंदावर घेतली आणि १९६० मध्ये ती अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. ही रेकॉर्ड लक्ष देऊन ऐकली, तर खाली एक तीन-तीन मात्रांची ठेका धरणारी हालचाल ऐकू येते. ती त्या काळातल्या तरुणांच्या रॉक अँड रोल प्रेमगीतांतून सरळ उचललेली आहे. वर व्हायोलिनांची संथ चाल आणि खाली पोरासोरांचा ठेका! वडीलधाऱ्यांना वाटले हे आपले संगीत, मुलांना वाटले आपले. दोघांचेही खरे होते.

रे कॉनिफ यांनी निराळाच प्रयोग केला. ते मूळचे ट्रॉम्बोनवादक. त्यांनी गाणाऱ्यांकडून शब्द काढून घेतले आणि त्यांचे आवाज वाद्यांना जोडून दिले, स्त्रियांचे आवाज ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट यांच्याबरोबर, पुरुषांचे ट्रॉम्बोन आणि खालच्या सॅक्सोफोनबरोबर. ‘दा दा दा’ असे काहीतरी गाणारा तो समूह आणि पितळी वाद्ये यांची सीमा पुसली जाते आणि तयार होणाऱ्या नादाला नक्की काय म्हणावे ते कळत नाही. पहिल्यांदा ऐकताना मौज वाटते; पूर्ण रेकॉर्ड ऐकताना, खरे सांगायचे तर, मला कंटाळा येतो. केम्पफर्ट यांच्याबाबतीत तसे होत नाही. हॅम्बुर्गच्या या संगीतकाराच्या रेकॉर्डवर लादी गाइस्लर हे बास गिटार अशा पद्धतीने वाजवत, की तार प्लेक्ट्रमने, म्हणजे छेडण्याच्या छोट्या चकतीने, छेडायची आणि लगेच दाबून तिचा नाद तोडायचा. त्या टक-टक आवाजावर सगळा डोलारा उभा असे आणि वर एखादा ट्रम्पेट निवांत फिरत असे. याच केम्पफर्ट यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्गमध्ये टोनी शेरिडनच्या साथीला वाजवणाऱ्या, तोवर कुणाला फारशा ठाऊक नसलेल्या बीटल्सचे ध्वनिमुद्रण केले. ज्या लाटेने पुढे या वाद्यवृंदांची सद्दी संपवली, तिची सुरुवातीची मुद्रणे यांच्याच हातून व्हावीत, हा योगायोग मजेशीर आहे.

पॉल मोरिया यांच्या ‘लव्ह इज ब्लू’ची हकीकतही सांगण्यासारखी आहे. आंद्रे पॉप यांची ही चाल युरोपातल्या देशांमधल्या युरोव्हिजन या गीतस्पर्धेत १९६७ मध्ये व्हिकी लेआंद्रोस या गायिकेने लक्झेंबर्गतर्फे गायली आणि ती चौथी आली. मोरिया यांनी तिचे शब्द काढले, अठराव्या शतकातल्या दरबारात शोभेल अशा हार्प्सिकॉर्डचा टणत्कार आणि पॉपचा ड्रम एकत्र बसवले आणि १९६८ मध्ये तीच चाल अमेरिकेत पाच आठवडे पहिली राहिली. स्पर्धेत जे गाणे चौथे, तेच शब्दांवाचून पहिले, ही गोष्ट संयोजकाच्या कामाचे मोल सांगायला पुरेशी आहे.

इथे एक भेद करायला हवा. वर सांगितलेले लोक मुख्यतः दुसऱ्यांच्या चाली नव्याने सजवणारे होते. याच्या शेजारीच, आणि वयाने याहून मोठी, अशी एक परंपरा होती, जिच्यात वाद्यवृंदासाठी स्वतंत्र छोट्या रचना लिहिल्या जात. इंग्लंडमध्ये एरिक कोट्स, रॉबर्ट फार्नन आणि स्वतः बिंज, अमेरिकेत लेरॉय अँडरसन. तीन-चार मिनिटांची रचना, कारण ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढेच मावत असे; पण त्या तीन मिनिटांत आरंभ, विस्तार, अनपेक्षित वळण आणि परतणे सगळे व्यवस्थित. अँडरसन यांच्या १९५० सालच्या ‘द टाइपरायटर’मध्ये टंकलेखन यंत्र हेच एकल वाद्य आहे. वाद्यवृंदाच्या पुढे टेबल, त्यावर यंत्र आणि तालवाद्य वाजवणारा माणूस कारकुनासारखा बसलेला. यंत्राच्या दोनच कळा चालू ठेवतात, कारण त्या गतीत बाकीच्या कळांचे दांडे एकमेकांत अडकतात. ओळ संपल्याची घंटी आणि गाडी परत ओढल्याचा आवाज अचूक मात्रेवर यावा लागतो. श्रोते हसतात, वादकाला मात्र हसण्याची सवड नसते. मला विचाराल तर या परंपरेतला सर्वांत मोठा कारागीर फार्नन. मूळचे कॅनडाचे, महायुद्धात सैन्याच्या बँडबरोबर इंग्लंडला आले आणि तिकडचेच झाले. त्यांच्या रचनांत व्हायोलिनांच्या मागे लाकडी सुषिर वाद्यांची जी धावपळ चालते, ती एकदा कानात भरली, की मूळ चालीकडे लक्ष देणे अवघड होते.

एवढे वाद्यवृंद पोसले कोणी, हा प्रश्न मला फार काळ पडलेला होता. चाळीसेक वादकांना पगार देऊन तीन मिनिटांची हलकी धून वाजवून घेणे कोणत्याही हिशेबात बसण्यासारखे नाही. ब्रिटनपुरते याचे उत्तर बऱ्याच अंशी रेडिओच्या नियमांत आहे. रेकॉर्ड कंपन्या आणि वादकांची संघटना यांच्याशी झालेल्या करारांमुळे बीबीसीला दिवसभरात ठरावीक तासांपुरत्याच रेकॉर्ड वाजवता येत. उरलेला वेळ प्रत्यक्ष वादकांनी भरावा लागे. त्यामुळे बीबीसीने स्वतःचे वाद्यवृंद पदरी बाळगले, बाहेरच्यांनाही काम दिले आणि १९४५ मध्ये सुरू झालेल्या लाइट प्रोग्रॅम या वाहिनीवर दिवसभर असे संगीत वाजत राहिले. त्याआधीच, १९४० च्या जूनमध्ये, युद्धसामग्रीच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ हा कार्यक्रम सुरू झाला होता आणि तो १९६७ पर्यंत चालला. अर्धा तास सलग वादन, मध्ये बोलणे जवळजवळ नाही. यंत्रांच्या खडखडाटात हळू आवाजातले सुटून जाईल म्हणून आवाजाचे चढउतार फार ठेवायचे नाहीत, असा दंडक. ज्या एका अमेरिकन गाण्यात ठरावीक जागी टाळ्या वाजवायच्या असतात, ते तर वर्ज्यच केले होते, कारण कामगार टाळ्यांऐवजी हातातली हत्यारे यंत्रांवर आपटू लागतील. सूचना गमतीच्या वाटतात खऱ्या. पण संगीत कोणत्या खोलीत, कोणत्या गोंगाटात, कोणाच्या कानावर पडणार आहे, याचा इतका बारीक विचार त्यामागे आहे.

हाच विचार अमेरिकेत एका टोकाला गेला. म्यूझॅक या कंपनीने तारेवरून कार्यालयांना आणि दुकानांना संगीत पुरवण्याचा धंदा उभारला आणि त्याला शास्त्राचा मुलामा दिला. पंधरा मिनिटांच्या तुकड्यात धुना क्रमाने अधिक उत्साहाच्या लावायच्या, मग पंधरा मिनिटे शांतता, मग पुन्हा. असे केल्याने कर्मचाऱ्यांची मरगळ जाते आणि काम वाढते, असा कंपनीचा दावा होता. या वापराने सगळ्याच वाद्यवृंदांच्या नावाला बट्टा लागला. ‘लिफ्टमधले संगीत’ ही शिवी झाली आणि ती फार्ननपासून कोणत्याही टुकार नकलेपर्यंत सर्वांना सरसकट चिकटली. १९८६ मध्ये टेड न्यूजेंट या रॉक गिटारवादकाने ही कंपनी कायमची बंद करता यावी म्हणून ती एक कोटी डॉलरला विकत घेण्याची तयारी दाखवली होती. कंपनीने नकार दिला. त्याचा राग मला समजतो. पळून जाता येत नाही अशा ठिकाणी कोणतेही संगीत लादले, तर त्याचा तिरस्कार वाटणारच.

टुकार माल होता, हेही लपवण्यात अर्थ नाही. लाँग प्ले तबकड्या स्वस्त झाल्या आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस स्टीरिओ आला, तेव्हा घरी आणलेल्या नव्या यंत्राची करामत पाहुण्यांना दाखवण्यासाठी अशा रेकॉर्ड हव्याच होत्या. डावीकडून बाँगो, उजवीकडून झायलोफोन, मग उलट. सूर्यास्त किंवा मेणबत्त्यांचे चित्र असलेली वेष्टने, त्यांच्या आत कोणत्याही वाद्यवृंदाच्या नावावर खपतील अशा घाईत उरकलेल्या धुना. त्या काळच्या पेटाऱ्यात हात घातला, तर दहांतल्या सात तबकड्या परत ठेवण्याच्या लायकीच्या निघतात. मात्र त्याच स्टीरिओच्या हौसेतून डेक्का कंपनीची ‘फेज फोर’ ही मालिका आली आणि तीत रॉनी ऑल्ड्रिच यांनी दोन पियानोंचे काम एकट्याने केले, एक पियानो डाव्या कानात, एक उजव्या, दोन्हीवर हात त्यांचेच. मधली जागा तंतुवाद्यांसाठी मोकळी. ही रचना इतकी स्वच्छ आहे, की आजच्या चांगल्या यंत्रावरही ती जुनी वाटत नाही.

मग हे सगळे थांबले कसे? एकाएकी थांबले नाही. १९६७ मध्ये लाइट प्रोग्रॅम बंद होऊन त्याच्या जागी रेडिओ टू आला. अमेरिकेत एफएम केंद्रांवर असे संगीत १९८० च्या दशकापर्यंत तग धरून होते. पण त्याचे श्रोते म्हातारे होत गेले आणि जाहिरातदारांना तरुण श्रोते हवे होते. सिंथेसायझरवर एका माणसाला वीस व्हायोलिनांचा भास निर्माण करता येऊ लागला. ब्रिटनमध्ये रेकॉर्डच्या तासांवरचे बंधन १९८८ मध्ये उठले आणि तीनच वर्षांत, १९९१ मध्ये, बीबीसीचा रेडिओ ऑर्केस्ट्रा बरखास्त झाला. नियमाने जे जगवले होते, ते नियमाबरोबर गेले. आवड बदलली म्हणून हे संगीत संपले, असे म्हणण्याची पद्धत आहे; मला मात्र हिशेबाचे कारण अधिक खरे वाटते.

या संगीताच्या आठवणीत एक विचित्र गोष्ट आहे. लोक कलाकाराला शोधत नाहीत, नाव नसलेली धून शोधतात. इंग्लंडमध्ये दूरदर्शन संच विकणाऱ्यांना पडदा जुळवता यावा म्हणून दिवसा टेस्ट कार्ड दाखवत. त्यात १९६७ पासून फळ्यावर फुल्ली-गोळा खेळणाऱ्या मुलीचे चित्र असे. त्या स्थिर चित्रामागे तासन्‌तास हलके वाद्यवृंदसंगीत वाजे. रेकॉर्डच्या तासांचे बंधन इथेही आडवे येई, म्हणून बाजारात न मिळणारी, बऱ्याचदा परदेशात मुद्रित केलेली गाणी वापरत आणि कित्येक वाद्यवृंद तेवढ्या मुद्रणापुरतेच अस्तित्वात असत. आजारपणात शाळा बुडवून घरी पडलेल्या मुलांनी ते संगीत ऐकले आणि मोठेपणी त्यांनी मंडळ स्थापून त्या धुनांची नावे एकेक करून हुडकली. आपण एखाद्या धुनेसाठी एवढे का झटतो, याचे उत्तर मला असे वाटते, की तिने आपल्याकडे कधी काही मागितले नव्हते. शब्द नव्हते, म्हणून तिला दुसऱ्या कोणाची कहाणी चिकटली नाही. जे काही चिकटले, ते आपल्या त्या वेळच्या दुपारचे.

मूळ कागदांची मात्र वाताहत झाली. वादकांच्या पुढ्यातल्या त्या स्वरलिपी कंपन्यांनी आणि वाद्यवृंदांनी जागा अडते म्हणून फेकून दिल्या. हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओच्या बाबतीत तर असे संगीत कचराभूमीत गाडले गेले आणि जॉन विल्सन या इंग्रज वाद्यवृंद-संचालकाला चित्रपटातून कानाने ऐकून, एकेका वाद्याचा भाग लिहून काढत ते पुन्हा उभे करावे लागले. तबकड्यांचे नशीब त्यापेक्षा बरे. युरोपात ध्वनिमुद्रणाचा हक्क पन्नास वर्षांनी संपत असे, त्यामुळे गिल्ड या कंपनीने जुन्या ७८ च्या तबकड्या स्वच्छ करून हलक्या संगीताच्या शंभराहून अधिक सीडी काढल्या आणि फार्नन, बिंज आणि त्यांच्याच परंपरेतले सिडनी टॉर्च पुन्हा ऐकायला मिळू लागले. २०१३ मध्ये मुदत सत्तर वर्षांवर गेली. आधीच मुक्त झालेली, म्हणजे १९६२ अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेली मुद्रणे मुक्तच राहिली. त्यानंतरची मात्र हक्कदार कंपन्यांच्या मर्जीवर आहेत. ‘लव्ह इज ब्लू’ कुठेही मिळेल, पण त्या काळातल्या कमी खपलेल्या तबकड्या पुन्हा काढण्यात कुणाला रस असण्याचे कारण नाही, आणि माझ्या आवडीच्या बहुतेक तबकड्या नेमक्या त्या रेषेच्या पलीकडच्या आहेत.